कापूस विकेपर्यंत लेकरू थांबत नाही



बोंडअळी आली की फवारणीआधी झाडं धरून अळ्या मोजा, हे मी तुम्हाला वर्षानुवर्षं सांगत आलो. आज मोजायचे आहेत लेकराचे श्वास.

सर्दी-खोकल्याचं पोर शांत असताना त्याचा सदरा वर करा आणि घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरले, तर त्याच दिवशी दवाखाना. न्यूमोनिया म्हणा नाहीतर डबा. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, पोर पीत नसेल, झटके आले किंवा सुस्त पडलं, तर उजाडायचीही वाट बघू नका. तान्ह्या बाळाला ताप येईलच असं नाही. अंग गार पडणं हाही धोकाच.

हे काम डॉक्टरचं, असं म्हणू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी निरक्षर दायांना मणी सरकवून श्वास मोजायला शिकवलं. गावातच औषध मिळालं आणि बालमृत्यू घटले. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं.

शहरातले म्हणतात, खेड्यातली माणसं अडाणी म्हणून उशीर करतात. मला हे अर्धंच पटतं. पोटावर डागण्या देणं हा अडाणीपणाच, ते आजच बंद करा. पण आईला बहुतेक वेळा संध्याकाळीच कळलेलं असतं. मग धनी शेतातून यायचा, सासऱ्याला विचारायचं, तोवर शेवटची एसटी गेलेली. कापूस घरात, पैसा बाजारात. पेरणीच्या दिवसांत तर तोही नाही. सगळं बियाण्या-खतात गाडलेलं. कोरडवाहू घरात आजार नेमका रोख नसतानाच येतो, आणि 'उद्या बघू' म्हणणारा बाप निर्दय नसतो, रिकाम्या खिशाचा असतो.

१०८ ची गाडी राज्यात २०१४ पासून आहे, तिला पैसे पडत नाहीत. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि नेणं-आणणं फुकट, हा हक्क आहे. कुणी बाहेरची चिठ्ठी लिहून दिली, तर आशाताईंना सोबत घेऊन विचारा.

गाडी येईलच याचा भरवसा मात्र मी देत नाही. म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं रात्री निघणाऱ्या जीपवाल्याचं नाव, उधारीची बोलणी आणि एक ठराव घेऊन यावं : आईनं कुणाला न विचारता निघायचं.