गोव्याच्या मतपत्रिकेवर नसलेला पर्याय



केंद्रशासित प्रदेशाला राज्याचा दर्जा द्यावा की नाही, हा वाद गेली काही वर्षे पुन्हा रोजच्या बातम्यांत आहे. जम्मू-काश्मीरचे राज्य २०१९ मध्ये केंद्रशासित प्रदेश झाले. लडाख वेगळा निघाला आणि त्याला विधानसभाही मिळाली नाही. पुदुच्चेरीची विधानसभा राज्यासाठी ठराव करते आणि दिल्ली ते ठेवून देते. यांतल्या कुठल्याही प्रदेशावर बोलता आले असते. तरी मी गोवा निवडला, कारण त्या वादात आपण मराठी माणसे प्रेक्षक नव्हतो, पक्षकार होतो. पक्षकाराने आपला खटला पन्नास-साठ वर्षांनी पुन्हा वाचावा. तेव्हा न दिसलेल्या गोष्टी आता दिसतात.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. मतपत्रिकेवर दोन खुणा होत्या. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून राहणे. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. मतदान जवळपास ८२ टक्के. आपल्याकडे या कौलाबद्दल साधारण एवढेच सांगितले जाते, की गोवा महाराष्ट्रात आला नाही. पुढे कुणी जास्त रागावलेला असेल तर ‘ख्रिस्ती मतांमुळे’ असे जोडतो.

आधी या जोडणीचा हिशेब करू. १९६० च्या जनगणनेच्या सुमारास गोव्यात हिंदू साठ टक्क्यांच्या आसपास होते आणि ख्रिस्ती चाळीसच्या आत. विलीनीकरणाच्या बाजूने मते पडली साडेत्रेचाळीस टक्के. एकूण एक ख्रिस्ती मतदार विरोधात गेला असे धरा, मतदानाचे प्रमाण थोडे इकडेतिकडे धरा, तरी हिंदूंचा मोठा गट दोन पानांवर शिक्का मारून आला हे मान्य करावेच लागते. सासष्टीने विलीनीकरण झिडकारले आणि पेडणे-डिचोलीने ते उचलून धरले, हे खरे. जुन्या आणि नव्या काबिजादींमधली, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी आणि नंतर जिंकलेल्या मुलखांमधली, ती दरी चारशे वर्षांच्या इतिहासाने पाडलेली होती. पण नुसत्या त्या दरीवर निकालाची बेरीज जमत नाही.

विलीनीकरणाच्या विरोधातला सगळ्यात धारदार प्रचार कुठल्या भाषेत झाला? मराठीत. मडगावहून निघणारे ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक, त्याचे संपादक चंद्रकांत केणी, आणि त्यातले उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर. मराठी वाचणाऱ्या, मराठी नाटके करणाऱ्या, देवळात मराठी अभंग म्हणणाऱ्या हिंदू गोवेकराला हे सदर मराठीतच सांगत होते की महाराष्ट्रात जाऊ नको. उल्हास बुयांव यांची कोंकणी गाणी गावोगाव होती ती वेगळीच. आपण तेव्हा असे धरून चाललो होतो, की जो मराठी वाचतो तो महाराष्ट्रात येणारच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने आपल्याला लावलेली ही सवय होती आणि मुंबईच्या बाबतीत ती उपयोगी पडली होती. गोव्यात ती चालली नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. तेव्हाचे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, म्हणजे भाऊसाहेब, यांच्या मागे उभा असलेला बहुजन समाज काही मुंबईच्या कुणा पुढाऱ्याच्या सांगण्यावरून उभा नव्हता. कुळे, मुंडकार, ज्यांच्या पायाखालची जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, होती, त्यांना महाराष्ट्र म्हणजे कूळकायद्याचा प्रदेश वाटत होता. पोर्तुगीज गेले, पण गावातला भाटकार गावातच होता. पणजीत वेगळे छोटे सरकार राहिले तर ते पुन्हा त्याच चार घरांच्या हातात जाईल, ही भीती खोटी म्हणता येणार नाही. बांदोडकरांनी १९६४ मध्येच कूळकायदा आणला, खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा काढल्या. स्वतः खाणमालक असलेल्या या माणसावर त्या माणसांचा विश्वास होता. विलीनीकरण हे त्यांच्या लेखी भाषेपेक्षा जमिनीचे प्रकरण होते.

समोरच्यांनाही जमिनीवरच्याच काळज्या होत्या. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता. माडावर चढून सूर काढणारा रेंदेर, काजूची फेणी गाळणारा माणूस, त्यांनी मुंबई सरकारच्या कायद्याकडे कसे पाहावे? नोकऱ्यांचे काय? दूरच्या मुंबईतून जिल्हाधिकारी येणार आणि गोवा कोकणातला एखादा कोपरा होऊन बसणार, हे काय सुखाचे चित्र होते? रत्नागिरीकरांना तेव्हाही आपल्या कोपऱ्याची किंमत ठाऊक होती, हे इथे बसलेल्या कोकणातल्या श्रोत्यांना मी वेगळे सांगायला नको.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. मतपत्रिकेवर खुणा दोनच होत्या. तिसरी नव्हती. गोव्याचे स्वतंत्र राज्य व्हावे, हा पर्याय लोकांपुढे ठेवलाच गेला नाही.

आणि तो कुणाच्या डोक्यात नव्हता असेही नाही. डॉ. जॅक द सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष वेगळ्या राज्याच्या भूमिकेवरच उभा होता. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत तीस जागांच्या विधानसभेत बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने, म्हणजे मगोने, चौदा आणि युनायटेड गोवन्सने बारा जागा घेतल्या. गोव्यात काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. ज्या पक्षाच्या सरकारने गोवा मुक्त केला त्याला मुक्त गोव्याने पहिल्याच निवडणुकीत रिकाम्या हाताने परत पाठवले, हे दिल्ली फार दिवस विसरली नसावी. मगोचे म्हणणे, आमचा विजय हाच विलीनीकरणाचा कौल. १९६५ मध्ये विधानसभेने तसा ठरावही केला. सिक्वेरांचे म्हणणे, असा कायमचा निर्णय आमदारांच्या साध्या बहुमताने होऊ शकत नाही, लोकांना थेट विचारा. दिल्लीत त्यांच्या बाजूने गोव्यातले काँग्रेस नेते पुरुषोत्तम काकोडकर यांनी वजन टाकले. शेवटी १९६६ च्या डिसेंबरात संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले. बाहेरगावच्या गोवेकरांनाही मत हवे, ही मागणी मात्र दिल्लीने मानली नाही. त्यामुळे मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या गाववार वसतिगृहांत, राहणाऱ्या खलाशांना आणि आचाऱ्यांना आपल्या गावाचे भवितव्य वर्तमानपत्रातूनच कळले.

तिसरी खूण असती तर काय झाले असते? इतिहासात ‘जर-तर’ला जागा नाही असे म्हणतात, पण अंकगणिताला आहे. समजा, फूल, दोन पाने आणि स्वतंत्र राज्य असे तीन पर्याय असते. विलीनीकरणाची एक लाख अडतीस हजार मते एकसंध होती, ती कुठे जाणार नव्हती. फुटली असती ती विरोधातली पावणेदोन लाखांच्या जवळ जाणारी मते. काहींनी केंद्रशासित राहण्यात सुरक्षितता पाहिली असती, काहींनी सिक्वेरांच्या राज्याला मत दिले असते. ही फाळणी थोडीशी जरी समसमान झाली असती तर सगळ्यात जास्त मते फुलाला पडली असती, आणि ‘सर्वाधिक मते तो विजयी’ या आपल्या नेहमीच्या रिवाजाने गोवा महाराष्ट्राचा जिल्हा झाला असता. म्हणजे राज्याचा पर्याय मतपत्रिकेवरून गाळला गेला, आणि बहुधा त्यामुळेच पुढे कधीतरी गोव्याचे राज्य होण्याची शक्यता जिवंत राहिली. हा कुणाचा डाव होता असे मी म्हणत नाही. दिल्लीला तेव्हा एवढ्या लहान प्रदेशाचे राज्य नकोच होते, म्हणून पर्याय दोन राहिले. ज्या कारणासाठी राज्य नाकारले, त्याच कारणाने ते वाचले.

सार्वमत मागणाऱ्या कुणीही हे लक्षात ठेवावे. प्रश्न कसा मांडला यावर निम्मा निकाल ठरतो.

कौलानंतर जे झाले ते मला त्याहून मोठे वाटते. मार्च १९६७ मध्ये, म्हणजे कौलाला तीन महिनेही झाले नव्हते तोच, विधानसभेची निवडणूक झाली. मगो पुन्हा निवडून आला, सोळा जागांसह. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्यांची मुख्य मागणी लोकांनी नुकतीच फेटाळली त्यांच्याच हाती लोकांनी राज्यकारभार दिला! राजकीय पंडितांना हा विरोधाभास वाटला असेल, मला तो गोव्याच्या मतदाराचा शहाणपणा वाटतो. आपण कुठे राहायचे हा एक प्रश्न, आपल्यावर राज्य कोणी करायचे हा दुसरा. गोवेकराने दोन्हींची उत्तरे वेगवेगळी दिली. बांदोडकरांचाही मोठेपणा इथे मान्य करायला हवा. आपलेच पद बरखास्त व्हावे म्हणून झगडलेला हा मुख्यमंत्री निकालानंतर कुरकुरत बसला नाही. १९७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो त्याच छोट्या प्रदेशाचा कारभार करत राहिला.

मग राज्य व्हायला आणखी वीस वर्षे का लागली? लोकसंख्या कमी, क्षेत्रफळ सगळे मिळून ३,७०२ चौरस किलोमीटर, ही कारणे सांगितली गेली. पण १९६३ च्या कायद्याने गोव्याच्या बरोबरीने विधानसभा मिळालेले हिमाचल प्रदेश १९७१ मध्ये राज्य झाले, मणिपूर आणि त्रिपुरा १९७२ मध्ये. गोवा मागे राहिला. आकार हे एकच कारण असते तर मिझोराम आणि अरुणाचल यांनाही १९८७ पर्यंत थांबवून मग एकदम राज्य देण्याचे कारण नव्हते. तिथे सीमा होती, बंडखोरी होती. गोव्यात नव्हती. शांत प्रदेशाच्या अर्जाला दिल्लीत शेवटचा क्रमांक मिळतो, हे लडाखच्या लोकांनी ऐकून ठेवावे असे वाटते, पण ते ऐकून त्यांनी काय करावे हे मला सांगता येत नाही.

त्या वीस वर्षांत गोव्याने राज्याची हाडे मात्र गुपचूप जमवली. १९७५ मध्ये स्वतःचे शालान्त मंडळ आले. त्याच वर्षी साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८५ मध्ये विद्यापीठ सुरू झाले. मग राजभाषेचे आंदोलन पेटले, रस्ते अडले, माणसे मेली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा झाला. देवनागरी कोंकणी राजभाषा, आणि मराठीचाही सरकारी कामात वापर करता येईल अशी तरतूद. रोमी लिपीतली कोंकणी लिहिणारे त्यात नाराज राहिले, मराठीवादीही नाराज राहिले. पुढे चारच महिन्यांत, ३० मे १९८७ रोजी, छप्पन्नाव्या घटनादुरुस्तीसह गोवा पंचविसावे राज्य झाले. क्रम पाहा, आधी भाषा, मग राज्य. १९५६ पासून आपल्या देशाने राज्याला भाषेचा दाखला मागायची सवय लावून घेतली आहे, आणि गोव्यालाही तो आणावा लागला.

राज्याचे पहिले मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे. ते १९७२ मध्ये विधानसभेत आले ते मगोचे उमेदवार म्हणून, बांदोडकरांच्याच मंत्रिमंडळात मंत्री म्हणून. विलीनीकरणाच्या पक्षातून राजकारणात आलेला माणूस स्वतंत्र राज्याचा पहिला मुख्यमंत्री झाला आणि गोव्यात याचे कुणाला फारसे आश्चर्य वाटले नाही.

राज्य झाल्याने मिळाले काय? राज्यसभेत एक जागा मिळाली, ती आधी नव्हती. विधानसभा तीसवरून चाळीस आमदारांची झाली. नायब राज्यपालांच्या जागी राज्यपाल आले. पण आयएएस अधिकारी आजही अरुणाचल, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेश यांच्या सामाईक केडरमधून येतात, स्वतःचे केडर नाही. उच्च न्यायालय मुंबईचेच, त्याचे खंडपीठ गोव्यात १९८२ पासून आहे. घटनेच्या ३७१-आय कलमात गोव्यासाठी खास काय लिहिले आहे, तर विधानसभेत तीसपेक्षा कमी आमदार नसावेत, एवढेच. जमिनीच्या विक्रीवर बंधन घालणारा विशेष दर्जा हवा, ही मागणी गोव्यात वारंवार उठते. १९८७ ला राज्य घेताना तो मागून घेतला असता तर सोपे गेले असते, असे माझे मत आहे.

आणि या सगळ्यात दमण-दीवचे नाव कुणी घेत नाही. १९६७ मध्ये त्यांनाही विचारले गेले होते, गुजरातमध्ये जाता का, आणि त्यांनी नाही म्हटले होते. १९८७ पर्यंत पणजीच्या विधानसभेत दमणचा एक आणि दीवचा एक आमदार बसत असे. गोवा राज्य झाला त्या दिवशी ते वेगळे काढले गेले आणि त्यांना विधानसभाच उरली नाही. २६ जानेवारी २०२० पासून ते दादरा-नगरहवेलीला जोडले गेले, संसदेच्या एका कायद्याने. या वेळी त्यांचे मत घेतले गेले नाही, आणि आपल्यापैकी कुणी घ्या असे म्हटलेही नाही. प्रश्नोत्तरांत कुणाला वाद घालायचा असेल तर इथूनच सुरुवात करू.