चैत्रगौरीची आरास आणि आईची किटली

(मंडळाच्या वैशाखातील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चैत्रगौरीच्या हळदीकुंकवावर बोलायला एका पुरुषाला उभे केले आहे, म्हणजे कार्यकारिणीला दुसरे कोणी मिळाले नाही हे उघडच आहे. आम्ही डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेले. आमचे लिहिणे-बोलणे एस्टिमेटपुरते. तरी गेल्या महिन्यात याच सभागृहात जी आरास मांडली होती, ती पाहणाऱ्यांत आम्हीही होतो. तिच्यात आमच्या घरची एक वस्तू होती, तिच्याबद्दल सांगतो.

इथेच जन्मलेल्या मुलांसाठी थोडे आधीचे. चैत्र शुद्ध तृतीयेला देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा घासूनपुसून पाळण्यात बसवायची, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. महिनाभर गौर माहेरपणाला आली असे मानायचे. त्या महिन्यात सोयीचा मंगळवार नाहीतर शुक्रवार धरून हळदीकुंकू. दारात चैत्रांगण, त्यात शंख, चक्र, गोपद्म, सूर्य-चंद्र, कासव. घरात पायऱ्या रचून त्यावर फुले, खेळणी, फराळ, कलिंगडाची कापून केलेली कमळे. आल्या-गेल्याला आंब्याची डाळ आणि पन्हे, ओटीत भिजवलेले हरभरे. आपल्या पांडेसऱ्याकडचे राजस्थानी शेजारी याच तृतीयेला गणगौर करतात.

खरे सांगायचे तर आमच्या घरची ही रीत नव्हे. आम्ही खानदेशातले, ताप्ती लाइनने सुरतेला आलेले. आमची गौराई आखाजीची. झाडाला बांधलेले झोके, सासरहून आलेल्या लेकी, सांजोऱ्या आणि आमरस, पितरांसाठी भरलेली घागर. चैत्रगौर आई बमरोलीत शिकली, सातारकडच्या शेजारच्या काकूंकडून. एका गल्लीत धुळे, सातारा, रत्नागिरी आणि बुलढाणा राहिले की सणांचे असे होते. आम्ही मुले पन्ह्यासाठी सातही घरे फिरायचो आणि डाळीत कुणी मिरची जास्त घातली ते येऊन सांगायचो.

आता ती वस्तू. वडील लूम्सच्या खात्यात होते. एका दिवाळीला बोनस मिळाला तेव्हा त्यांनी चौकबाजारातून चिनी मातीचा टी-सेट आणला. पांढरा, निळ्या फुलांचा. सहा कप, सहा बशा, दुधाचे भांडे आणि किटली. आई दोन दिवस बोलली नाही, कारण तिला त्या पैशात कुकर हवा होता. शिवाय आपल्या घरात चहा तपेलीत उकळतो आणि गाळणीतून थेट कपात जातो. मध्ये किटलीला काम काय? कप एकेक करून फुटले. किटली वापरलीच नाही, म्हणून राहिली.

आरास मांडायची तर आईकडे पितळी फुलदाणी नव्हती. काकूंकडे दोन होत्या. तेव्हा तिने किटली काढली, झाकण बाजूला ठेवले, आत पाणी आणि चिमूटभर साखर घालून मोगऱ्याच्या डहाळ्या आणि बहाव्याचे पिवळे घोस भरले. तोटीत कण्हेरीची एकच काडी. चैत्रातले सुरतेचे ऊन तुम्हाला ठाऊक आहे, ताटलीतली फुले दुपारी चारला माना टाकतात. किटलीतली रात्रीपर्यंत टिकली. पुढच्या वर्षी गल्लीत तीन घरांत किटल्या आल्या. एका घरी तर खात्यातल्या चहावाल्या पोऱ्याची ॲल्युमिनियमची किटली लिंबाने चकचकीत करून ठेवली होती, आणि खोटे कशाला बोला, तीच सगळ्यांत छान दिसत होती. आमच्या गल्लीला ‘किटलीवाली गल्ली’ म्हणू लागले ते तेव्हापासून.

सुरतेत किटलीला मान मिळावा यात नवल नाही. १६३८ मध्ये इथे आलेल्या मंडेल्स्लो नावाच्या जर्मन प्रवाशाने लिहून ठेवले आहे की सुरतेत रोजच्या बैठकीत चहा असे. त्याच शतकात पुढे आलेला ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सांगतो की इथले लोक चहात गरम मसाला घालून उकळतात, खडीसाखर टाकतात, आणि डोकेदुखी, पोटातल्या कळा यांवर पितात. म्हणजे मसाला चहा सुरतेला कुणी नव्याने शिकवलेला नाही. त्या गृहस्थाने परत गेल्यावर १६९९ मध्ये चहावर वेगळे पुस्तकच लिहिले. आणि आपल्या गुजरातेत चिनी मातीच्या भांड्यांचे जे मोठे नाव झाले, सौराष्ट्रातल्या थानगढचे, तिथे कारखाना उभा करणारे परशुराम गणपुले आपलेच, मराठी. आमची किटली तिथलीच का, ते माहीत नाही. बुडावरचा छाप पुसला गेला आहे.

असो. वडील गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. त्यानंतरच्या पहिल्या चैत्रात आईने नेहमीसारखी पहाटे चारला उठून आरास मांडली, पायऱ्यांवर धुतलेली चादर घातली, किटली भरली. बायका यायला लागल्या तशी ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतले. तिला कुणी तसे सांगितले नव्हते. पण ‘बाहेर या’ असेही कुणी म्हटले नाही. आम्हीही म्हटले नाही. आत ती डाळ वाटत बसायची आणि बाहेर बायका तिच्या किटलीचे कौतुक करायच्या. किती वर्षे हे चालले! आमच्या सौभाग्यवतींनी दोनदा विषय काढला, तेव्हा आम्ही ‘आईला वाईट वाटेल’ म्हणून टाळला. वाईट तिला वाटणार होते की आम्हाला अवघड होणार होते, हे आता विचारू नका.

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांबाबतच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे, हे सगळे. पंधरवड्याच्या आत महाराष्ट्र सरकारने इतर ग्रामपंचायतींनी तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. आम्ही ते वाचून दाखवले तेव्हा आई म्हणाली, ‘ते तिकडचं.’ बरोबरच आहे, आपण गुजरातेत. आणि परिपत्रकाचे काय होते ते आमच्याइतके कुणाला माहीत असणार? फाईलला लागते.

यंदा मात्र मंडळाने घरोघरी न करता एकत्र आरास करायचे ठरवले आणि महिलांच्या बैठकीत प्रश्न आलाच. कुणाला बोलवायचे? चर्चा बरीच तापली असे ऐकतो. एक ज्येष्ठ काकू म्हणाल्या, हळदीकुंकू हे सवाष्णीचेच, ते बदलायचे असेल तर दुसरा कार्यक्रम घ्या. त्यांना जुनाट म्हणून मोडीत काढू नये. त्या स्वतः चाळीस वर्षे सगळ्यांच्या ओट्या भरत आल्या आहेत, आणि वडील गेले तेव्हा तेरा दिवस आमच्याकडे डबाही त्यांनीच पाठवला. शेवटी तोडगा निघाला. चार वाजता आरास पाहायला सगळ्यांना मोकळे, पुरुष, मुले, कुणीही. सहा वाजता हळदीकुंकू. आमच्या मते हा अर्धाच तोडगा आहे, पण आमच्या घरातली कितीतरी वर्षांची गप्प बसणी त्याहून वाईट होती.

चारला आई आली. निळी साडी, हातात काठी. तेरा पायऱ्या-आराशी होत्या, एकूण नऊ किटल्या. ती एकेकीपुढे थांबली. एका ठिकाणी प्लास्टिकचा मोगरा होता, तो चिमटीत धरून ‘हे कुणाचं?’ असे मोठ्याने विचारले. जिचा होता ती बाई पडद्यामागे गेली. आपल्या किटलीपाशी येऊन आईने आधी तोटी पाहिली. सूनबाईने तोटीत काहीच घातले नव्हते. आईने शेजारच्या आराशीतून कण्हेरीची एक काडी न विचारता काढली आणि खोचली. मग पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून पन्हे प्यायली. वेलची जास्त झाली म्हणाली. त्या ज्येष्ठ काकू तिच्या शेजारी येऊन बसल्या, दोघी बराच वेळ गुडघ्यांबद्दल बोलत होत्या.

साडेपाचला ती उठली. काकूंनी तिचा हात धरून ‘थांब ना’ म्हटले, ते आम्ही ऐकले. आई म्हणाली, ‘पुढच्या वर्षी बघू.’ रिक्षात बसवताना तिने आम्हाला रात्री किटली आठवणीने आणायला सांगितले, झाकणासकट.

पुढच्या चैत्रात वेळ एकच ठेवावी, असा अर्ज आम्ही कार्यकारिणीकडे दिला आहे. त्यावर आमच्या सौभाग्यवतींची सही आहे, आणि आणखी अकरा घरांच्या. काकूंनी अजून सही केलेली नाही. अर्ज त्यांनी वाचायला घरी ठेवून घेतला आहे.