दोष साच्याचा कीं ओतणाराचा ?

अमेरिकेंत अठराव्या शतकांत आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धांत लांब नळीची बंदूक घडविणारा कारागीर बंदुकीबरोबर एक लहानसा साचाही गिऱ्हाइकाच्या हातीं देत असे. नळीच्या भोकाचें माप त्या काळीं सर्वत्र एकसारखें नसे. प्रत्येक बंदूक निराळी, म्हणून तिची गोळीही निराळी. साचा हरवला किंवा बिघडला म्हणजे उत्तम बंदूकही भिंतीवर टांगण्यापुरती उरे. साच्याची रचना मात्र अगदीं साधी. चिमट्याच्या टोकांना लोखंडाचे किंवा पितळेचे दोन ठोकळे, प्रत्येकांत अर्ध्या गोळीचा खळगा, आणि ठोकळे मिटले म्हणजे आंत पूर्ण गोळीची पोकळी. वरच्या भोकांतून वितळलेलें शिसें ओतावें, तें थिजलें कीं चिमटा उघडावा, इतकेंच काम.

हें काम घरच्या चुलीजवळ होत असे. १७७६ सालच्या जुलै महिन्याच्या ९ तारखेस न्यूयॉर्क शहरांतील तिसऱ्या जॉर्ज राजाचा शिशाचा पुतळा लोकांनीं पाडला. त्याचें शिसें कनेक्टिकटमधील लिचफील्ड गांवीं ऑलिव्हर वोल्कॉट यांच्या घरीं पोंचलें, आणि तेथें बायकामुलांनीं त्याच्या गोळ्या ओतल्या. कोणी किती काडतुसें केलीं याची नोंद ठेवलेली होती; तिची बेरीज ४२,०८८ भरली. ज्या राजाविरुद्ध युद्ध, त्याच्याच पुतळ्याच्या गोळ्या त्याच्या सैन्यावर झाडण्याची ही योजना इतिहासांत प्रसिद्ध आहे.

अशा जुन्या बंदुकांवर प्रेम करणारे लोक अमेरिकेंत आजही आहेत. तोंडाकडून दारू भरण्याच्या बंदुकांची त्यांची राष्ट्रीय संस्था १९३३ सालीं स्थापन झाली, आणि इंडियाना संस्थानांतील फ्रेंडशिप या गांवीं त्यांचे नेमबाजीचे सामने भरतात. या मंडळींच्या हातीं आजोबा-पणजोबांचे साचे येतात, आणि त्यांतून पहिली गोळी निघते ती बहुधा वेडीवाकडी. तिच्यावर सुरकुत्या असतात, कडा भरलेली नसते, किंवा एक बाजू चपटी असते. मालक म्हणतो, साचा झिजला; आणि कानस हातीं घेतो. अनर्थ होतो तो येथेंच. साच्यांतून घासून गेलेलें लोखंड पुन्हां भरून येत नाहीं. शंभर वर्षें टिकलेली वस्तु एका संध्याकाळीं नाहींशी होते, आणि पुष्कळदां तिचा अपराध कांहींच नसतो.

अपराध कोणाचा हें ठरविण्याची एक सोपी रीत आहे. वीस-पंचवीस गोळ्या एकामागून एक ओताव्या. पहिल्या पांचसहा बाजूला काढाव्या, कारण तोंपर्यंत साचा पुरता तापलेला नसतो. उरलेल्या गोळ्या ओतण्याच्या भोकाची खूण वर करून आणि सांध्याची रेघ एका दिशेस ठेवून ओळीनें मांडाव्या. जो दोष प्रत्येक गोळीवर त्याच जागीं दिसतो, तो साच्यांत शोधावा. जो दोष जागा बदलतो, तो उष्णतेंत, धातूंत किंवा ओतणाराच्या हातांत शोधावा.

सुरकुत्यांचीं मुख्य कारणें दोन. साचा थंड असेल तर शिसें खळग्याला टेकतांच थिजूं लागतें आणि त्याचे थर एकजीव होत नाहींत. दुसरें कारण तेलाचें. जुना साचा गंजूं नये म्हणून मागील मालकानें तेल लावून ठेवलेला असतो. त्याचा पातळ थर तापला कीं त्याची वाफ होते, आणि ती वाफ धातूला खळग्याच्या अंगाला चिकटूं देत नाहीं. दोहोंतील भेद ओळखणें कठीण नाहीं. थंडीच्या सुरकुत्या साचा तापल्यावर आपोआप जातात. तेलाच्या सुरकुत्या पुष्कळ गोळ्यांपर्यंत टिकून राहतात. त्यावर उपाय म्हणजे साचा साबणाच्या कढत पाण्यानें किंवा स्पिरिटनें धुणें. मात्र धुतलेला साचा अगदीं कोरडा झाल्यावांचून वितळलेल्या शिशाजवळ नेऊं नये. पाण्याचा एक थेंब शिशाखालीं सांपडला तर त्याची तत्काळ वाफ होऊन तप्त धातु चोहोंकडे उडते.

याच्या उलट साचा फार तापला तर गोळी दहिंवर पडल्यासारखी पांढुरकी दिसते. तिला पाहून भिण्याचें कारण नाहीं. ओतण्याचा वेग थोडा कमी केला म्हणजे ती पुन्हां चकचकीत निघते.

कडा त्याच जागीं वारंवार अपुरी राहत असेल, तर बाहेर पडण्यास वाट न मिळालेली हवा बहुधा तेथें कोंडलेली असते. चांगल्या साच्याच्या मिटणाऱ्या अंगांवर केसासारख्या बारीक रेघा कोरलेल्या असतात. त्या शोभेच्या नव्हेत. हवा त्यांतूनच निसटते. त्यांत काजळी किंवा जळकें तेल बसलें असेल तर लांकडाच्या अणकुचीदार काडीनें तें काढावें. तारेनें खरडूं नये.

गोळी गोल न निघतां लांबट निघाली, किंवा तिच्या सांध्यावर पातळ पाळ आली, तर ठोकळे पुरते मिटत नाहींत असें समजावें. साचा थंड असतांना मिटून दिव्यासमोर धरावा. मधून उजेड दिसला तर मिटणाऱ्या अंगावर शिशाचा एकादा कण चिकटलेला असेल, किंवा दोन्ही अर्धे जुळविणाऱ्या खुंटीभोंवतीं धातूची कोर उठली असेल. कण काढला कीं पुष्कळ ‘बिघडलेले’ साचे सुधारतात. परंतु दोन अर्धे एकमेकांवरून सरकलेले दिसले, तर खुंट्या खरोखरच झिजल्या आहेत. तें काम कुशल लोहाराचें किंवा यंत्रकाराचें, घरच्या हातोडीचें नव्हे. गंजाच्या खळग्यांची खूणही गोळीवर उमटते. ती लहान असेल तर बहुधा नेमाला फारशी बाध येत नाहीं, म्हणून ती घासून काढण्यापेक्षां सोसून घेणें शहाणपणाचें.

गोळीच्या पोटांतील पोकळी मात्र डोळ्यांना दिसत नाहीं. ती तराजू सांगतो. शिसें थिजतांना आकसतें, आणि त्या वेळीं वरून आणखी धातु मिळाली नाहीं तर आंत पोकळी राहते. म्हणून भोकाच्या वरच्या पट्टीवर धातूचें लहानसें थारोळें राहूं द्यावें. तें पुरतें घट्ट होण्याआधीं पट्टी फिरविली तर गोळीचा तळ फाटतो.

आतां धातूविषयीं. शुद्ध शिसें ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळतें. परंतु वितळलेल्या धातूच्या पृष्ठभागावर ताण असतो, आणि तो तिला कोपऱ्यांत शिरूं देत नाहीं. ब्रिस्टल येथील विल्यम वॉट्स यानें १७८२ सालीं याच गुणाचा उपयोग करून उंचावरून पाडलेल्या शिशाच्या थेंबांपासून गोल छरे बनविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. मनोऱ्यांत जो गुण मित्र, तोच साच्यांत शत्रु होतो. थोडें कथील मिसळलें कीं हा विरोध कमी होतो. वीस भाग शिसें व एक भाग कथील हें जुनें, नांवाजलेलें मिश्रण होय. अँटिमनीनें धातु कठीण होते व कमी आकसते. हें ज्ञान छापखान्यांनाही जुनेंच आहे. मुंबईंत जावजी दादाजी यांनीं १८६४ सालीं खिळे ओतण्याचा कारखाना काढला. खिळ्यांची धातूही शिसें, कथील व अँटिमनी यांचीच. अक्षराची कड तीक्ष्ण हवी म्हणून तेथें अँटिमनीचें प्रमाण अधिक, इतकाच फरक. यावरून आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. मिश्रण बदललें कीं त्याच साच्यांतून निघणाऱ्या गोळीचें मापही किंचित् बदलतें. माप चुकलें म्हणून साचा वाढविण्यापूर्वीं भांड्यांत काय आहे तें पाहावें. त्यांत जस्त मिसळलें असेल तर धातु पेजेसारखी घट्ट होते. मग कोणताही साचा नीट भरणार नाहीं.

एवढी चिकित्सा कशासाठीं, असें कोणी विचारील. फ्रान्समधील मिन्ये यानें १८४९ सालीं जी गोळी प्रसिद्ध केली, तिचा तळ पोकळ होता. दारूच्या जोरानें त्या पोकळीची कड फुगे आणि नळींतील आट्यांना घट्ट बसे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धांत याच धर्तीच्या गोळीनें फार मोठा संहार केला. तिची सारी करामत त्या पातळ कडेंत होती. ओततांना ती कड एका बाजूस अपुरी राहिली, तर गोळी बंदुकींतून निघतांच कलते आणि नेम चुकतो. दोष नखाएवढा, परंतु परिणाम शंभर पावलांवर दिसतो.

दोन इशारे देणें अवश्य आहे. शिसें विषारी आहे. ओतण्याचें काम मोकळ्या हवेंत करावें, स्वयंपाकाचें भांडें त्यासाठीं कधींही वापरूं नये, मुलांना दूर ठेवावें आणि हात धुतल्यावांचून अन्नाला शिवूं नये. लिचफील्डच्या मुलांना हें कोणीं सांगितलें नव्हतें. आज तें ठाऊक आहे. दुसरें असें कीं, भारतांत शस्त्रें व दारूगोळा तयार करण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें परवाना लागतो. तेव्हां आपल्याकडे एकाद्या वाड्यांत असा साचा सांपडलाच, तर तो पुसून जपून ठेवावा. त्याला चुलीवर चढवूं नये.

साचा जपण्याचा क्रम थोडक्यांत असा. आधीं स्वच्छता, मग उष्णता, मग धातु, मग हात. आणि या चौघांची साक्ष झाल्यावरच साचा. पहिल्या चार ठिकाणीं चूक झाली तर ती वितळवून पुन्हां ओततां येते. वांकडी गोळी भांड्यांत परत टाकली कीं ती पुन्हां शिसें होते. साच्यावर फिरलेली कानस मात्र मागें घेतां येत नाहीं, म्हणून तिची पाळी सर्वांत शेवटीं यावी.