पडद्यावरील पाठ



चित्रांच्या आधारे पाठ देण्याची कल्पना जुनीच आहे. कोमेनियसचे सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ साली प्रसिद्ध झाले. आज हाती संगणक व प्रोजेक्टर आहेत, तथापि प्रशिक्षणवर्गातून परतलेला शिक्षक पुष्कळदा पडदा मजकुराने भरतो आणि तोच मजकूर मोठ्याने वाचतो. चित्राशेजारी तेच शब्द एकाच वेळी ऐकवून वाचावयासही लावले, तर आकलन खालावते, असे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांच्या प्रयोगांत आढळले. म्हणून जलचक्र शिकविताना पडद्यावर समुद्र, ढग, डोंगर एवढेच असावे. वर जाणारा बाण शिक्षकाने वाफेचा उल्लेख करताच उमटावा. फुलांची नक्षी नि पार्श्वसंगीत (ज्यांवर प्रशिक्षणाची निम्मी दुपार खर्ची पडते!) निःसंकोच गाळावे. ‘बाष्पीभवन’ हा नवा शब्द मात्र मुलांना लिहिलेला दिसावा. तो फळ्यावर लिहावा, म्हणजे वीज गेली तरी पाठ अडणार नाही.