शेकाच्या पलीकडची फिजिओथेरपी

फिजिओथेरपी म्हटलं की बहुतेकांना आठवतं ते शेकाचं यंत्र, मुंग्या आणणारे करंटचे पॅड आणि 'दहा दिवस येऊन जा' हा सल्ला. प्लास्टर निघाल्यावर किंवा ऑपरेशननंतर करायचा पूरक उपचार, एवढंच तिचं स्थान आपण मानतो. पण या विद्येचं आपल्या देशातलं रीतसर शिक्षण १९५३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, ते पोलिओच्या साथीमागोमाग. पोलिओने लुळे पडलेले स्नायू औषधाने परत येत नव्हते. जे स्नायू शिल्लक होते त्यांनाच पुन्हा कामाला लावायचं, हाच तिथे उपचार होता. माझं म्हणणं असं की गुडघेदुखी आणि कंबरदुखीत आजही तेच खरं आहे. तिथे फिजिओथेरपी हा पहिला उपचार असायला हवा, आणि त्याचा गाभा यंत्रात नसून रुग्णाने स्वतः केलेल्या, बेताबेताने वाढवत नेलेल्या व्यायामात आहे.

गुडघ्याचंच घ्या. एक्स-रेमध्ये 'गॅप कमी झालाय' असं कळलं की घरचे लोक लगेच चालणं, जिने, मांडी घालून बसणं बंद करवतात. झिजलेली वस्तू वापरली तर आणखी झिजेल, हा त्यामागचा हिशेब. यंत्राच्या बाबतीत तो बरोबर आहे, सांध्याच्या बाबतीत नाही. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. वजन पडलं की ती स्पंजासारखी दबते, उचललं की सांध्यातलं द्रव शोषून घेते, आणि तिचं पोषण बरंचसं असंच होतं. शिवाय गुडघ्यावर येणारा भार झेलायला मांडीचा पुढचा स्नायू मदत करतो. दुखतं म्हणून हालचाल थांबते, हालचाल थांबते म्हणून हा स्नायू वाळतो आणि सांध्याचा आधार कमी होतो. म्हणून सुरुवात अगदी साध्या गोष्टीने होते. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने खाली दाबायची, मांडी आवळायची, थोडं थांबून सोडायची. पुढे हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणं, मग पायरी. २०२० मध्ये अमेरिकी लष्करी रुग्णालयांतल्या १५६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, निम्म्यांना फिजिओथेरपी. वर्षअखेरीस वेदना आणि अडचण कमी होती ती फिजिओथेरपीच्या गटात.

मग ऑपरेशन निरर्थक का? मुळीच नाही. डेन्मार्कमध्ये सांधा बदलण्याच्या टप्प्यावरच्या १०० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये आला. सांधा बदलून व्यायाम केलेल्यांना नुसत्या व्यायाम, आहार, औषधं यांवर राहिलेल्यांपेक्षा जास्त आराम पडला, हे मान्यच केलं पाहिजे. पण गंभीर दुष्परिणामही त्याच गटात जास्त दिसले. दुसऱ्या गटातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलंच नाही. म्हणजे शस्त्रक्रियेची गरज असतेच, पण ती कोणाला आणि कधी, हे आधी नीट व्यायाम केल्याशिवाय ठरवू नये.

कंबरेबाबत गैरसमज आणखी चिवट आहे. एमआरआयवर 'डिस्क झिजली' लिहिलेलं वाचून माणूस हबकतो. पण कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत ही झीज आढळली. १९९५ मध्ये हेलसिंकीत अचानक कंबर धरलेल्यांचे तीन गट केले होते. दोन दिवस अंथरुणात पडून राहिलेले सर्वांत मागे राहिले. पण पुढे कोण गेलं? कंबरेचे व्यायाम करणारे नव्हे, तर झेपेल तेवढी रोजची कामं चालू ठेवणारे. हा निकाल मी मुद्दाम सांगतो. दुखणं ताजं असताना ठरावीक व्यायाम लादू नयेत. महिनोन्‌महिने रेंगाळलेल्या कंबरदुखीत मात्र व्यायाम उपयोगी पडतो. आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटला, पायातली ताकद झपाट्याने गेली किंवा ताप असेल, तर व्यायामाचा विचारच नको. आधी डॉक्टर.

एक आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दिवसभर शेतात वाकणाऱ्या, हंडे वाहणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला? कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत, म्हणून. कष्टात काय आणि किती उचलायचं हे काम ठरवतं. थकलेल्या कंबरेवर तोच भार पुन्हा येतो आणि विश्रांती मिळत नाही. व्यायामात भार शरीर पाहून ठरतो. तिला वेळ नाही, शहर लांब आहे, रोजची फी परवडत नाही, हे सगळं खरं आहे. पण ही अडचण रोज यंत्राखाली येऊन पडायला सांगणाऱ्या पद्धतीची आहे. नीट शिकवलेले चार व्यायाम घरी करता येतात. पंधरवड्याने एकदा तपासून ते बदलून दिले, तरी पुष्कळ काम होतं. त्यासाठी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातले काही दिवस फिजिओथेरपिस्ट बसला पाहिजे. बहुतेक विमा पॉलिसी माणूस रुग्णालयात दाखल झाला तरच पैसे देतात, त्यांनी या उपचाराचा खर्चही धरला पाहिजे. आणि पहिल्या भेटीत फिजिओथेरपिस्टने करंट लावण्याआधी रुग्णाला खुर्चीवरून उठायला सांगून ते नीट पाहिलं पाहिजे.