सक्तीचा एकांत आणि कलानिर्मिती

एकांत लाभला की कलेला बहर येतो, अशी एक समजूत रूढ आहे. कवी निर्जन स्थळी जातो, चित्रकार दार लावून घेतो, हे खरे. परंतु तो एकांत त्यांनी स्वतः पत्करलेला असतो. साथीच्या काळातील एकांत मनुष्यावर लादला जातो. त्याच्या सोबतीला भीती असते, आप्तांची काळजी असते आणि पुष्कळदा उपजीविकेची विवंचनाही असते. अशा एकांतात सर्जनशीलतेची जोपासना कशी व्हावी, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

चंडीगढचे सेक्टर 34 या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. ल कॉर्ब्यूझिए यांच्या नगररचनेत सेक्टर म्हणजे सुमारे 1200 मीटर लांब व 800 मीटर रुंद असा, दैनंदिन गरजा पायी भागविता येतील असा घटक होय. नगराच्या दुसऱ्या टप्प्यातील हे सेक्टर पुढे व्यापाराचे व शिकवणी वर्गांचे केंद्र बनले. प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी बाहेरगावची मुले-मुली येथे येतात. मार्च 2020 च्या अखेरीस चंडीगढमध्ये संचारबंदी लागू झाली, ती मेच्या आरंभापर्यंत चालली. वर्ग बंद पडले. 3 मे रोजी व्हावयाची वैद्यकीय प्रवेशपरीक्षा लांबत लांबत 13 सप्टेंबरला झाली. विद्यार्थ्यांच्या हाती वेळ आला, परंतु तो मोकळा वेळ नव्हता. परीक्षा डोक्यावर असताना चित्र काढीत बसणे हा त्या वयात अपराध वाटतो. अशा वेळी सर्जनशीलतेला एकटेपणापेक्षा ही अपराधी भावनाच अधिक मारक ठरते.

याच नगरातील एका मनुष्याचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते-निरीक्षक होते. फाळणीत त्यांचे गाव सुटले होते. नवे नगर उभारण्यासाठी पाडलेल्या गावांतील फुटकी भांडी, बांगड्यांच्या काचा, मोडके सामान त्यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून गोळा केले आणि नोकरीचे तास संपल्यावर सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात त्यातून माणसे व पशुपक्षी घडविले. सुमारे दीड तप हे काम गुप्त राहिले. 1976 साली ते रॉक गार्डन म्हणून लोकांना खुले झाले. 1984 साली नेकचंद यांना पद्मश्री मिळाली.

नेकचंद यांचा एकांत स्वेच्छेचा होता, हा भेद विसरता कामा नये. तरीही त्यांच्या कार्यपद्धतीतून दोन गोष्टी घेता येतात. हाताशी असेल तेच साहित्य त्यांनी पुरेसे मानले. आणि कोणी पाहील, वाखाणील, या अपेक्षेविना ते रोज थोडे थोडे काम करीत राहिले.

एकांत लादलेला असला तरी हे साधते, याची साक्ष महाराष्ट्रात मिळते. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. तेथे त्यांचे भांडवल होते ते आठवणींचे. टाकाऊ काचा काय किंवा बालपणीच्या आठवणी काय, जवळ उरलेल्या वस्तूकडे आदराने पाहणे हाच निर्मितीचा आरंभ होय.

म्हणून पालकांनी व शिक्षकांनी अशा काळात मुलांकडून कलाकृतीची मागणी करू नये. घरातील एक कोपरा, जुन्या वहीची कोरी पाने आणि रोजचा अर्धा तास एवढे द्यावे. त्या अर्ध्या तासाचा हिशेब मात्र मागू नये. ज्या घरात मृत्यू येऊन गेला, तेथे पान कोरे राहिले तर ते अपयश समजू नये. दुःखालाही आपला वेळ लागतो.

अखेरीस, एकांतात जन्मलेली कला माणसांपर्यंत पोहोचावीच लागते. रॉक गार्डन पूर्ण झाले ते लोकांची पावले तेथे वळल्यावर. मुलाने संकोचाने पुढे केलेली वही शेजाऱ्याने आस्थेने उघडून पाहिली, तर एकांताचा तोच खरा शेवट होय.