बर्फातील पेहराव



परळ-लालबागच्या गिरण्यांनी आपल्याला सुती कापडाची सवय लावली. 1982 च्या संपानंतर त्यांचे भोंगे एकेक करून थांबले, सवय मात्र राहिली. मुंबईच्या उकाड्यात ती योग्यच. पण मनालीजवळच्या सोलंगला पायांत स्की बांधून बर्फाचा चढ चढणाऱ्याने सुती गंजीफ्रॉक घरीच ठेवावा! सूत घाम पिते आणि ओलेच राहते. माथ्यावर थांबताच तेच अंगाची ऊब ओढून घेते. जिवावर बेतते ते इथे.

म्हणून अंगालगत बारीक लोकरीचा सदरा, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारे जाकीट. आजीच्या गोधडीत लुगड्यांच्या थरांमध्ये हवा कोंडते, तीच ऊब इथेही. चढापूर्वी स्वेटर काढावा, थोडे कुडकुडले तरी. थांबताक्षणी पुन्हा चढवावा. सोबती हसतील, हसू द्यावे.